पेनहॉलची सोमवारची जागा

पुढे लिहिलेला शब्द न् शब्द खरा आहे.

यात पदरचं काही घातलेलं नाही. फक्त एक नाव खोटं वापरलं गेलं, आणि तेही इथे नाही, विमानतळावर.

ज्याच्यावर हे गुदरलं तो रॉडनी नोस्के अ‍ॅडलेडमध्ये पाण्याचे पंप विकणाऱ्या एका कंपनीत सुट्या भागांचं काम बघतो. त्याला ओळखणारा कोणीही सांगेल, रॉडनी थापा मारत नाही. थापा मारायला थोडी तरी कल्पनाशक्ती लागते. रॉडनीने घरी कुत्रा पाळला आहे आणि त्याला तो अजून 'कुत्रा' म्हणूनच हाक मारतो.

जुलै महिना होता, म्हणजे इथला हिवाळा. हाडं गोठवणारी थंडी. सोमवारची पहाट, आणि अ‍ॅडलेडहून सिडनीला जाणारं दिवसातलं पहिलं विमान.

पण सुरुवात झाली आदल्या संध्याकाळी, फोनवर.

रॉडनीची एकुलती एक मुलगी टेगन सिडनीत शिकते. तिच्या हृदयाच्या झडपेत जन्मापासून दोष. ऑपरेशन गुरुवारी ठरलेलं. रॉडनीने बुधवारचं तिकीट काढून, बॅग भरून, बॅगेला कुलूपही लावून ठेवलं होतं.

"डॅड, गुरुवारचं उद्यावर आलंय," टेगन म्हणाली. "सकाळीच आत नेणार."

"उद्या? उद्या सोमवार आहे."

"हो. इथेही सोमवारच आहे."

टेगनची आई ती शाळेत असतानाच गेलेली. बाप-लेक दोघंच.

"आत नेईपर्यंत कोणीतरी हात धरायला हवंय, एवढंच," ती म्हणाली. "एकदा दाराच्या आत गेले की मी बेशुद्धच. मग तू ये नाहीतर नको येऊस. पण तोपर्यंत... येशील ना? की पेनहॉल सोडणार नाही?"

"अगं, पेनहॉल वारला. मी सांगितलं होतं तुला."

"अरे हो. सॉरी. म्हणजे आता तरी सोडेल."

ग्रॅहम पेनहॉल हा रॉडनीचा साहेब. लहानपणी टेगनला वाटायचं, पेनहॉल हा एक आजार आहे आणि तो फक्त डॅडला होतो. ती जन्मली तेव्हा रॉडनी पेनहॉलच्या बैठकीत होता. तिच्या पोहण्याच्या शर्यतीच्या वेळी पेनहॉलच्या बैठकीत होता. तिची आई गेली तेव्हा तो वेळेवर पोचला, कारण बैठक रद्द झाली होती. पेनहॉलला त्या दिवशी दाढ काढायची होती.

असा पेनहॉल दर सोमवारी पहाटे बिझनेस क्लासने सिडनीच्या मुख्य कचेरीत जायचा आणि रात्री परत यायचा. वर्षानुवर्षं. पहिली रांग, खिडकी. दीडेक आठवड्यापूर्वी तो आपल्याच टेबलावर, कोणाला तरी 'नाही' म्हणता म्हणता, गेला.

रॉडनीने विमानं शोधली. रात्रीचं शेवटचं सुटून गेलेलं. सोमवारची पहिली सगळी भरलेली. गाडी काढून रात्रभर हाणली असती, तरी ऑपरेशन संपल्यावरच पोचला असता. वाटेत कांगारू आडवा आला असता, तर तेव्हाही नाही.

शेवटी त्याने कचेरीतल्या लोरेनला फोन लावला. कंपनीची सगळी तिकिटं तीच काढते.

"ग्रॅहमची जागा आहे की," लोरेन म्हणाली.

"लोरेन, तो गेला."

"म्हणूनच रिकामी आहे ना? त्याची डिसेंबरपर्यंतची सोमवारची तिकिटं मी एकदम काढलेली. रद्द करायची तर विमानवाले मृत्यूचा दाखला मागतात, तो अजून हातात आलेला नाही. कागदोपत्री ग्रॅहम उद्या सिडनीला चाललाय."

"पण नाव त्याचं..."

"नाव कोण बघतंय रे? फोनवरचा पास यंत्रावर धर, ते टुक करेल, आत जा. या देशात बिअर घ्यायला ओळखपत्र लागतं, विमानात बसायला नाही."

"बरं दिसेल का ते?"

"रॉडनी, त्या माणसाने जन्मभर तुझे दिवस खाल्ले. तू त्याच्या खुर्चीत दोन तास बस. फिट्टंफाट."

हे लोरेनने सहज म्हटलं. तिला बिचारीला काय ठाऊक, कोणीतरी ते मनावर घेईल.

पहाटे विमानतळावर अंधार. काचेबाहेर विमानाचे दिवे. रांगेत झोपाळू सूटवाले, प्रत्येकाच्या हातात कॉफी. रॉडनीने फोन यंत्रावर धरला.

यंत्राने टुक केलं नाही.

लाल दिवा लागला...

दारावरच्या मुलीने पडद्यात डोकावून पाहिलं. "गंमतच आहे. हे म्हणतंय, मिस्टर पेनहॉल आधीच आत गेलेत."

रॉडनीला वाटलं, पकडलं. पोलीस. सकाळी टेगन एकटी.

दारावरच्या मुलीने पुन्हा पास लावला. पुन्हा लाल.

"सोमवारी हे असंच करतं," ती म्हणाली आणि बाजूचं बटण दाबलं. "तुम्ही तर इथे उभे आहात. जा, बसा."

"हरकत नाही," रॉडनी म्हणाला.

हे रॉडनीचं आवडतं वाक्य. त्याची नोकरी, घराचं गळकं छप्पर आणि शेजाऱ्याचं ट्रॉम्बोन वाजवणं, तिन्ही या एका वाक्यावर निभावून गेली होती.

विमानात पहिली रांग. खिडकीची जागा रिकामी. तिच्या शेजारी एक जाडा माणूस डोळ्यांवर काळी पट्टी बांधून घोरायच्या तयारीत.

रिकाम्या जागेवर पट्टा आधीच लावलेला होता.

म्हणजे बकल बंद. एखाद्या रुंद पोटावरून ओढून घेतल्यासारखा, सैल, फुगीर...

रॉडनीने तो सोडवला आणि बसला.

खुर्ची गरम होती.

आणि वास... पेपरमिंटचा. पेनहॉल दिवसभर कडक पेपरमिंट चावायचा. बैठकीत कोणाचा प्रस्ताव फेटाळायचा असेल, की आधी कडाक्कन आवाज यायचा. रॉडनीचे खांदे आपोआप आवळले गेले. तेवीस वर्षांची सवय.

तेवढ्यात केबिन क्रूमधली बाई आली. पन्नाशीची, केस घट्ट बांधलेले, छातीवर नाव: ग्लेनिस.

"ग्रॅहम! गेल्या सोमवारी कुठे उंडारत होतास? मला वाटलं, मेलास की काय."

इथे रॉडनीने तोंड उघडायला हवं होतं.

पण तोंड उघडलं की खाली उतरवतील. खाली उतरवलं की टेगन एकटी. आणि ही बाई बहुतेक यादीत नाव वाचून बोलत असेल, असं त्याने स्वतःला समजावलं.

"हरकत नाही," तो पुटपुटला.

ग्लेनिस खळखळून हसली. "चावट मेला!"

रॉडनीच्या बोलण्यावर आजवर कोणी हसलं नव्हतं. आणि 'हरकत नाही' यात चावट काय, ते त्याला कळेना. पण अंगावर काटा आला तो दुसऱ्याच कारणाने.

ती त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती.

त्याच्या कपाळाच्याही वर, वीतभर उंच... रिकाम्या हवेत डोळे लावून बोलत होती.

पेनहॉल त्याच्यापेक्षा वीतभर उंच होता.

विमानाचं दार बंद झालं. आता खरं सांगूनही उपयोग नव्हता.

विमान वर गेलं. दिवे मंद केले. खाली काळोख, दूर एका बाजूला तांबूस रेघ. रॉडनीने हात मांडीवर ठेवले, बोटांत बोटं गुंफली आणि टेगनचा विचार करत बसला. इतक्यात...

टक टक टक टक.

बोटांचा आवाज. खुर्चीच्या हातावर.

शेजारच्या जाड्याने पट्टी न काढताच तोंड वाकडं केलं. "ग्रॅहम, वाजवू नको ना रे. दर सोमवारी तुझं हेच."

रॉडनीने आपल्या हातांकडे पाहिलं. दोन्ही मांडीवर. गुंफलेले.

टक टक टक टक.

"मी नाही वाजवत," तो हळूच म्हणाला.

"मग काय तुझं भूत वाजवतंय?" जाडा कुशीवर वळला.

न्याहारी आली. अंडी, मशरूम, टोस्ट. ग्लेनिसने कॉफी ठेवली. "चटका बसेल इतकी गरम. आज तक्रार केलीस तर तुझ्या डोक्यावर ओतेन." हेही वीतभर वर बघून. रॉडनीला भूक नव्हती. तो खिडकीबाहेर बघत राहिला. मागे चमचा बशीला लागल्याचा बारीक आवाज आला. असेल कोणाचातरी.

मान वळवली तर ताट रिकामं.

कॉफीचा कप तळापर्यंत कोरडा.

आणि टोस्टच्या कडा... सगळ्या कापून ताटाच्या काठाला एका सरळ चौकोनात मांडलेल्या.

पेनहॉल असाच जेवायचा. कडांचा चौकोन करून झाला की म्हणायचा, "हं, आता बोला. कोणाला रजा हवी आहे?"

रॉडनीला वाटलं, उठून मागे जावं. पण जाणार कुठे? मागे सगळं विमान भरलेलं. असल्या वेळी माणूस खोलीतून पळतो, घरातून पळतो, वाडीवस्तीतून पळतो. आकाशातून कुठे पळणार? रॉडनीने पट्टा आणखी आवळला. जिथे बसल्यावर भीती वाटते तिथेच स्वतःला बांधून घ्यायचं, ही सोय विमानातच असते.

मग कॅप्टनचा आवाज आला. झोपेतून उठल्यासारखा, निवांत. सिडनीवर दाट धुकं आहे. उतरायला परवानगी नाही. आपण जरा वेळ घिरट्या घालू. काळजीचं कारण नाही.

वर लख्ख सूर्य. खाली पांढरं, सपाट, काहीच नाही. विमान एका बाजूला कललं आणि गोल फिरू लागलं. फिरून पुन्हा तिथेच आलं. पुन्हा कललं.

त्या विमानात वायफाय चालतं. रॉडनीचा फोन थरथरला.

"डॅड, कुठे आहेस? तयार केलंय मला. टोपी घातलीय. कोबी दिसतेय मी."

त्याने लिहिलं, "वरच आहे. सिडनीच्या डोक्यावर. धुकं आहे."

मग...

"हरकत नाही."

तेवीस वर्षं रॉडनी हे वाक्य दुसऱ्यांना देत आला होता. ते परत कसं लागतं, ते त्याला त्या दिवशी कळलं.

त्याने घंटी दाबली. ग्लेनिस आली.

"मला खाली उतरायचंय," रॉडनी म्हणाला. आपण काय बोलतोय हे त्यालाही कळत होतं. "माझी मुलगी ऑपरेशनला आत चालली आहे. तिच्याजवळ कोणी नाही. कॅप्टनला सांगा ना..."

"ग्रॅहम, तुला मुलगी कुठून आली? तुला कुत्रासुद्धा नाही."

"मी ग्रॅहम नाही! नीट बघा माझ्याकडे. ग्रॅहम मेला. मी रॉडनी. रॉडनी नोस्के!"

ग्लेनिस ऐकत होती. मान डोलावत होती. मध्येच हसली, मध्येच गंभीर झाली. पण रॉडनीच्या बोलण्याशी त्याचा मेळ बसत नव्हता. ती दुसऱ्याच कोणाचंतरी बोलणं ऐकत होती... त्याच जागेवरून येणारं.

"बघते," ती शेवटी त्या वीतभर उंचीला म्हणाली. "पण तुझ्यासाठीसुद्धा तो विमान खाली घालणार नाही हं."

आणि पडदा ओढून निघून गेली.

विमान पुन्हा कललं. फोन पुन्हा थरथरला.

"आले न्यायला. लव्ह यू."

रॉडनीने डोळे मिटले. काही करता येण्यासारखं उरलंच नव्हतं. खाली, त्याच्या बुटांच्या बरोबर खाली, धुक्याच्या तळाशी त्याची पोरगी टोपी घालून खाटेवर पडली होती. आणि तो देशातल्या सगळ्यात आरामशीर खुर्चीत बसून तिच्याभोवती गोल गोल फिरत होता.

टक टक टक टक.

"ग्रॅहम," तो पुटपुटला. मोठ्याने बोलायची हिंमत नव्हती. जिवंतपणीही कधी झाली नव्हती. "ग्रॅहम, एकदा. फक्त एकदा सोड मला. माझ्या पोरीजवळ कोणी नाही रे..."

टक टक.

टक.

मग काहीच नाही.

कानाजवळ, अगदी जवळ... कडाक्कन पेपरमिंट फुटली.

आणि रॉडनीच्या पोटावरचा पट्टा आपोआप सुटला.

क्लिक.

त्याने हात लावला नव्हता. हात मांडीवरच होते. पाठीमागची खुर्ची बघता बघता गार झाली. वास गेला. इंजिनाचा आवाज तेवढा उरला.

शेजारच्या जाड्याने चिडून पाय आत ओढले. "जा बाबा, जा. सांभाळून, माझ्या पायावर..." आणि मग पहिल्यांदाच डोळ्यांवरची पट्टी वर केली. रॉडनीकडे बघून तो दचकला.

"तू कोण?"

"रॉडनी."

"ग्रॅहम कुठे गेला? आत्ता म्हणाला, पाय घे, मला जरा उतरायचंय."

दोघांनी पुढे बघितलं. पुढे भिंत होती. भिंतीच्या बाजूला दार होतं, विमानाचं, बाहेरचं. बंद.

पडदा सरकला. ग्लेनिस उभी होती. या वेळी तिने थेट रॉडनीच्या डोळ्यांत पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"सर, तुम्ही इथे काय करताय? ही ग्रॅहमची जागा आहे."

ग्लेनिसने पुढचं स्वच्छतागृह उघडून पाहिलं. रिकामं. मागपर्यंत जाऊन आली. मग तिने ताटातला तो टोस्टच्या कडांचा चौकोन पाहिला, ताट न बोलता उचललं, आणि उतरेपर्यंत पुन्हा पहिल्या रांगेकडे फिरकली नाही.

धुकं यथावकाश विरलं. विमान उतरलं. रॉडनी पळत सुटला. टॅक्सीत ड्रायव्हरशेजारी बसला आणि वाटभर एक शब्द बोलला नाही. या देशात पुढे बसून गप्पा न मारणं उद्धटपणात मोडतं. पण ड्रायव्हरने त्याचा चेहरा बघून रेडिओसुद्धा बंद केला.

रुग्णालयात वॉर्डच्या टेबलावर सेला नावाची धिप्पाड नर्स होती.

"टेगन नोस्के? आत नेलंय केव्हाच. तुम्ही कोण?"

"मी तिचा बाप. मला उशीर झाला. ती... एकटीच गेली का?"

सेलाने त्याच्याकडे नीट पाहिलं.

"एकटी कशी? तिचे वडील होते ना. शेवटच्या दारापर्यंत हात धरून चालत आले. उंच गृहस्थ, पांढरे केस, सूट." तिने नाक मुरडलं. "बसले तेव्हा खाटेच्या दांडीवर सारखी बोटं वाजवत होते. मी म्हटलं, बंद करा हो, इथे माणसं आजारी आहेत. तर म्हणाले, सॉरी, सोमवारची सवय आहे."

रॉडनी तिथल्याच खुर्चीत बसला. ती खुर्चीही गरम होती की काय, ते तपासायचं धैर्य त्याला झालं नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. संध्याकाळी टेगनने डोळे उघडले. रॉडनीने तिचा हात हातात घेतला.

"आता गरम आहे तुझा हात," ती क्षीण आवाजात म्हणाली. "सकाळी बर्फ होता नुसता. आणि ती पेपरमिंट कुठून शोधलीस? तुला तर आवडत नाही."



"टेगन... मी काय म्हणालो, सकाळी?"

"आठवत नाही तुला? अर्धवट झोपेत होते मी, चेहरा नीट दिसत नव्हता. पण आवाज..." तिने डोळे मिटले. "तू म्हणालास, आज बैठक नाही. तुझं होईपर्यंत बसतो." मग म्हणाली, "पहिल्यांदा म्हणालास असं."

रॉडनीने खिडकीबाहेर पाहिलं. खरं सांगावं, तर पोरीच्या हातातून ती सकाळ काढून घ्यावी लागणार. न सांगावं, तर ती सकाळ दुसऱ्याच कोणाची.

"हरकत नाही," तो म्हणाला.

टेगन आता ठणठणीत आहे. कधीकधी फोनवर विषय निघाला की म्हणते, डॅड, त्या दिवशी तू आलास म्हणून मी निभावलं. रॉडनी विषय बदलतो. आणि सोमवारी पहाटे, गजर व्हायच्या आधी, कुत्रा उठून दाराकडे बघत बसतो. बाहेर काही नसतं. असंच कशाला तरी बसत असेल. पण रॉडनी अजून दार उघडत नाही.

लोरेनने दाखला आल्यावर पेनहॉलची उरलेली तिकिटं रद्द केली. त्या सोमवारच्या प्रवासाचे विमानकंपनीकडचे बक्षिसी पॉइंट्स मात्र त्याच आठवड्यात पेनहॉलच्या खात्यात जमा झाले, आणि त्याचं नेहमीच्या प्रवाशांचं गोल्ड कार्ड आणखी एक वर्ष वाढवून मिळालं.